मुलाखतीत माणूस अवघडतो कशामुळे? बोली, नाते आणि विचारणाऱ्याची जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजशास्त्राची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी मालवण आणि देवगड तालुक्यांतल्या किनारी गावांत मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेत आहे. प्रश्नावली उघडली की बायका एकेका शब्दात, पुस्तकी वळणाच्या मराठीत उत्तरे देतात. घरातले पुरुष मध्येच बोलून विषय संपवतात. आणि वही मिटून चहा घ्यायला बसले की त्याच बायका मालवणीत भरभरून बोलू लागतात. विद्यार्थिनीचे आजोळ कोकणातले असले तरी ती वाढली पुण्यात. आपण मालवणी शिकलो तर हा अवघडलेपणा जाईल का, की मुलाखतींसाठी गावातलीच एखादी मुलगी नेमावी, असे तिने विचारले आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांत क्षेत्रकार्य करताना आणि नव्या मुलाखतकारांना शिकवताना हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

बोली समजणे अत्यावश्यक आहे आणि ती बोलता येणे उपयोगाचे आहे, परंतु अवघडलेपणाचे मूळ बहुतेक वेळा बोलीत नसते. समोरच्या बाईने मनात तुम्हाला कोणाच्या जागी बसवले आहे, यावरून ती कोणत्या भाषेत, किती आणि कोणाला ऐकू जाईल असे बोलणार हे ठरते. ती तुम्हाला सरकारी माणूस समजली तर ती अर्जदार होते आणि अर्जदाराच्या भाषेत बोलते. शाळेतल्या बाई समजली तर धडा म्हणून दाखवते. आणि कोणाच्या तरी घरची मुलगी समजली तर मुलीला जे सांगायचे ते सांगते आणि जे सांगायचे नसते ते ठेवून देते. म्हणून भाषेचा प्रश्न सोडवण्याआधी या जागेचा प्रश्न सोडवावा लागतो.

ही जागा पहिल्या पाच मिनिटांत ठरते आणि ती ठरवण्यासाठी मुलाखत तुमची घेतली जाते. 'तू खयची गो?', 'कोणाचा चेडू?', 'हय कोणाकडे उतरलंस?' (तू कुठली, कोणाची मुलगी, इथे कोणाकडे उतरलीस) हे प्रश्न नवखे विद्यार्थी शिष्टाचाराचा भाग समजून अर्ध्या वाक्यात संपवतात आणि लगेच 'माहितीचा उद्देश' वाचायला घेतात. तिथेच गाडे अडते, कारण गावाच्या दृष्टीने तुमची ओळख अजून झालेलीच नसते. आजोळ कोणत्या गावचे, आजोबा कोणत्या वाडीतले, घर अजून उघडे आहे की बंद, तुमच्या आईचे माहेर कुठले, सध्या कोणाकडे राहता, जेवता कुठे, हे सर्व सावकाश सांगा. तुमची प्रश्नावली उद्या सुरू झाली तरी चालेल, पण हे आजच सांगितले गेले पाहिजे.

कोकणातले गाव म्हणजे वाड्यांचा समूह, आणि बहुतेक वाड्या एकेका समाजाच्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आडनाव सांगताच तुमची वाडीही ठरते. याशिवाय गावात तुम्ही कोणाबरोबर शिरलात आणि पहिला चहा कोणाकडे घेतलात, हेही लक्षात ठेवले जाते. सरपंचांना बरोबर घेऊन फिरणे सोयीचे वाटते, पण त्यांच्या विरोधातल्या घरांत तुम्ही मग सरपंचांचे माणूस ठरता. जमिनीचा विषय निघाला तर ही गोष्ट आणखी खोल जाते. रत्नागिरीच्या जुन्या जिल्ह्यात आणि कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, काही भागांत खोतीची, म्हणजे वंशपरंपरेने गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची, पद्धत होती; ती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, परंतु खोताच्या घराण्यातले म्हणून ओळखले जाणारे आडनाव ज्या मुलाखतकाराचे आहे, त्याच्यासमोर पूर्वीच्या कुळाच्या घरातला म्हातारा वहिवाटीबद्दल आजही जपूनच बोलतो. अशा वेळी आडनाव लपवण्याचा सल्ला मी कधीही देत नाही, कारण ते कळतेच आणि मग सगळेच संपते. त्यापेक्षा जमिनीचे प्रश्न दुसऱ्या सहकाऱ्याने विचारावेत आणि कोणी विचारले याची नोंद ठेवावी.

आता गावातली मुलगी नेमण्याविषयी. बोली तीच, जात तीच, वाडी तीच, म्हणजे मोकळेपणा आपोआप येईल असा समज फार पसरलेला आहे. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीचा अभ्यास केला, तेव्हाचा एक प्रसंग या समजाला उत्तर म्हणून मी वर्गात नेहमी सांगते. आठ वर्षांच्या एका मुलाशी बोलायला त्यांनी हार्लेममध्येच वाढलेला कृष्णवर्णीय मुलाखतकार पाठवला होता, तरीही तो मुलगा हूं-चू यापलीकडे बोलेना, कारण समोर प्रश्न विचारणारा मोठा माणूस होता आणि मोठ्या माणसाला दिलेले उत्तर अंगाशी येऊ शकते हे त्याला माहीत होते. पुढच्या भेटीत मुलाखतकाराने बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट आणले, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत बसवले, स्वतः जमिनीवर बसकण मारली आणि मोठ्यांसमोर एरवी न बोलायचे विषय स्वतःच काढले. तोच मुलगा मग मित्राशी चढाओढीने बोलू लागला. बोली दोन्ही वेळा तीच होती, मुलाखतकारही तोच होता. बदलली ती त्याची मुलासमोरची जागा.

गावातल्या मुलीची दुसरी अडचण याहून व्यावहारिक आहे. ती कोणाची तरी पुतणी किंवा भाची असते. मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल, नवऱ्याचे पिणे, भावाशी चाललेला घरहिश्शाचा तंटा या गोष्टी शेजारच्या मुलीला सांगितल्या तर संध्याकाळपर्यंत वाडीभर होतील ही भीती खरी असते. परक्या मुलीला, जी महिनाभराने निघून जाणार आहे, त्याच गोष्टी पुष्कळ बायका अधिक सहज सांगतात. उलट देवस्थानाचे मान, वाडीतले जुने वाद, कोणाची रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) कोणी बंद पाडली, हे परकीला समजणार नाही म्हणून सांगितले जात नाही. प्रत्येक जागेवरून काही दारे उघडतात आणि काही बंद होतात. सगळी दारे उघडणारी जागा नसते. तुमच्या अभ्यासाला कोणती दारे हवीत ते ठरवा आणि त्यानुसार माणूस निवडा. दोघींनी मिळून काम करता आले तर फारच चांगले.

मालवणी शिकण्याविषयी माझे मत असे की ऐकून पूर्ण समजेल इतकी ती जरूर शिका, पण नक्कल करू नका. चार शब्द पाठ करून 'माका', 'तुका' करणारा शहरी माणूस आपली टिंगल करतो आहे असे वाटण्याला इथे कारण आहे, कारण रंगभूमीने आणि दूरचित्रवाणीने ही बोली महाराष्ट्रभर नेली ती मुख्यतः विनोदाच्या अंगाने. बोलणाऱ्यांना तिचा अभिमान आहे, आणि ती ऐकून परका हसेल अशी धास्तीही आहे. यावर सोपा आणि प्रामाणिक मार्ग म्हणजे सुरुवातीलाच सांगणे: 'माझी बोली पुण्याची आहे, पण मालवणी मला समजते, तुम्ही तुमच्या भाषेतच बोला.' आणि मग ती खरोखर समजली पाहिजे. दर वाक्याला 'म्हणजे काय?' असे विचारावे लागले तर बाई पुढच्या वाक्यापासून पुस्तकी मराठीवर येते, आणि तो दोष तिचा नसतो. शिवाय 'कोकणी बोली' अशी एकच एक बोली इथे नाही. मालवणी किंवा कुडाळी दक्षिणेकडची; संगमेश्वर-गुहागरकडे वळण निराळे; पुढे रायगडात आगरी आणि कोळी; पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यात कातकरी. सावंतवाडीची मुलगी दापोलीच्या कुणबीवाडीत जवळजवळ तुमच्याइतकीच परकी असते.

एका चुकीचा मात्र स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे, कारण ती चांगल्या हेतूने होते. दापोली, मंडणगड, खेड, श्रीवर्धन या भागांतल्या मोहल्ल्यांत गेलेले मुलाखतकार नाव ऐकताच हिंदीत बोलू लागतात. कोकणी मुसलमानांची घरची भाषा कोकणी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मुले उर्दू माध्यमात शिकलेली असली तरी स्वयंपाकघरात आणि होडीवर तीच बोलली जाते. तिथे मराठीत बोलायला सुरुवात करावी आणि समोरचा कुठल्या भाषेकडे वळतो ते पाहून आपण वळावे. पहिलेच वाक्य हिंदीत बोलून तुम्ही त्या माणसाला त्याच्याच गावात पाहुणा ठरवता, आणि पुढची सगळी मुलाखत पाहुण्यासारखी, औपचारिक होते.

संबोधनाकडे बारकाईने पाहा. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतल्या एकेरी-अनेकवचनी सर्वनामांविषयी मांडले की ही सर्वनामे दोन गोष्टी दाखवतात, अधिकार आणि जवळीक. एकाने 'तू' म्हणायचे आणि दुसऱ्याने 'तुम्ही', तर तो अधिकार. दोघांनी एकमेकांना 'तू' म्हणायचे, तर ती जवळीक. आपल्याकडे हे तपासायला फार लांब जावे लागत नाही. मालवणीत, आणि त्याहून अधिक आगरी-कोळी बोलीत, वडीलधाऱ्यांना एकेरी बोलणे कित्येक घरांत अगदी सहज आहे. साठीची कोळीण तुम्हाला 'तू' म्हणाली तर तिने तुम्हाला आपल्यात घेतले आहे. त्यावर तुम्ही लगेच तिला 'तू' म्हणू नका. तिच्या मुलीसारख्या असाल तर 'मावशी, तुम्ही' म्हणत राहा, आणि तिनेच 'तुमी कसला म्हणतंस?' म्हटले तर मग सोडा. परंतु रायगडातल्या कातकरीवाडीवर जाऊन चाळीस वर्षांच्या माणसाला 'तू' म्हणायचे आणि त्याच्याकडून 'व्हय साहेब' ऐकायचे, हा सर्रास दिसणारा प्रकार निव्वळ अधिकाराचा आहे. वीटभट्टीच्या मालकापासून वनरक्षकापर्यंत सर्वांनी त्याला त्याच सुरात विचारलेले असते आणि 'व्हय' म्हटले की विचारणारा निघून जातो हा त्याचा अनुभव असतो. त्याच्या 'व्हय'वर निष्कर्ष उभारणे धोक्याचे आहे. तोच प्रश्न उलट बाजूने विचारून पाहिला की दोन्हींना होकार येतो, तेव्हा ही गोष्ट लक्षात येते.

तुम्हाला ते काय म्हणून हाक मारतात, ते रोज टिपून ठेवा. 'मॅडम'वरून 'ताई', 'ताई'वरून 'बाय' किंवा नुसते 'गो', हा प्रवास तुमच्या वहीत दिसला पाहिजे, कारण पहिल्या आठवड्यातले उत्तर आणि तिसऱ्या आठवड्यातले उत्तर वेगळे निघाले तर त्याचे स्पष्टीकरण बहुधा तिथेच सापडते.

आता वही उघडली की काय होते ते पाहू. किनाऱ्यावर कागद घेऊन येणारा माणूस कोण असतो? तलाठी, ग्रामसेवक, मत्स्य विभागाचा अधिकारी, बँकेचा वसुलीवाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले, आणि दोन्ही वेळा गावोगाव पंचनामे झाले. ज्या बाईने ओटीवर बसून गेलेल्या पत्र्यांची आणि होड्यांची यादी सांगितली आहे, तिच्यासाठी प्रश्न विचारून लिहून घेणे म्हणजे पंचनामाच. अशा प्रश्नाला उत्तर थोडक्यात द्यायचे असते, प्रमाण भाषेत द्यायचे असते आणि त्यातून नुकसान होणार नाही एवढेच द्यायचे असते. राजापूर तालुक्यात तर अधिक जपावे लागते. नाणार आणि नंतर बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून, विशेषतः २०२३ च्या माती परीक्षणाच्या वेळी, जे घडले ते लोक विसरलेले नाहीत. तिथे 'सर्व्हेसाठी आले आहे' असे म्हणणारी अनोळखी व्यक्ती जमिनीसाठीच आली असे धरले जाते, आणि संमतिपत्रावर सही मागितली तर ती भीती पक्की होते. त्यामुळे संमती मागताना तिचा आशय आधी तोंडी, साध्या भाषेत, घरातल्या दोन-तीन माणसांदेखत सांगावा. सही न मिळाल्यास तोंडी संमतीचे ध्वनिमुद्रण करावे आणि तसे करण्याची परवानगी विद्यापीठाच्या नैतिक समितीकडून आधीच घेऊन ठेवावी.

प्रश्नोत्तरे ही बोलण्याची एक विशिष्ट तऱ्हा आहे आणि ती गावाची नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स ब्रिग्ज यांना न्यू मेक्सिकोतल्या एका गावात वयस्क लाकूडकाम कलावंतांकडून सुरुवातीला काहीच नीट उत्तर मिळेना. तिथे तरुणाने थोरांना सरळ प्रश्न विचारणे रीतीला धरून नव्हते. ते स्वतः कोरीवकाम शिकायला बसले, तेव्हा शिकवताना बोलणे निघू लागले. तुम्ही ज्या किनाऱ्यावर आहात तिथेही माहिती मिळते ती गजालीतून, म्हणजे गप्पांतून, आणि गजालीत आधी आपले काहीतरी द्यावे लागते. 'दरमहा सरासरी उत्पन्न किती?' असे न विचारता 'औंदा बांगडो कमी गावलो म्हणतत' (यंदा बांगडा कमी मिळाला म्हणतात) असे कोणाचे ऐकलेले वाक्य, ते ऐकलेले आहे हे सांगूनच, पुढे ठेवा आणि थांबा. खोडून काढण्यासाठी का होईना, बोलणे सुरू होते. मग होडी लागल्यापासून लिलाव, पाटी कोणी उचलली, कुठल्या गाडीने कुठल्या बाजारात गेली, वाटा कितीला लावला, उरलेल्याचे काय केले, अशा क्रमाने एक दिवस तिच्याबरोबर चाला. ती हिशेब दिवसाचा, वाट्याचा आणि हंगामाचा करते. महिन्याची सरासरी तिने कधी काढलेलीच नसते. तिने 'माका काय्येक म्हायत नाय' म्हटले ते त्या सरासरीबद्दल खरेच असते. म्हणजे मोकळेपणाचा हा विचार केवळ सौजन्याचा नाही. त्यावर तुमच्या आकड्यांचा खरेपणाही अवलंबून आहे.

घरातले पुरुष मध्येच उत्तर देतात, या तक्रारीवर नवखे लोक 'आम्हाला एकांत हवा' असे सांगून टाकतात. त्याने संशय वाढतो आणि त्याचा जाब नंतर त्या बाईला द्यावा लागतो. त्यापेक्षा त्या पुरुषाला त्याच्या अधिकाराचे काम द्या. होडी, इंजिन, डिझेल, पर्ससीन जाळ्यांवरचे वाद हे विषय त्याला आधी विचारा, मनापासून विचारा, त्याचे लिहून घ्या. मग 'आता विकण्याचे मावशींकडून समजून घेते' म्हणून उठा आणि त्यांच्या कामाच्या जागी जा. ओटीवर आणि पडवीत घर बाहेरच्या जगाशी बोलते. सुक्या मासळीच्या मांडवात, मागीलदारी, काजू सोलताना बायका आपापसांत बोलतात. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि लांबलेली शांतता अवघड वाटत नाही. सासू घरात असेल तर तिची मुलाखत आधी घ्या. मान दिला गेला की तीच सुनेला 'सांग गो तिका' म्हणते. सुनेने सासूसमोर जे सांगितले ते मात्र सासूसमोर सांगितलेले म्हणूनच नोंदवा.

प्रश्नावलीतला पहिलाच रकाना 'पतीचे नाव' असा असेल तर तो शेवटी न्या किंवा मतदारयादीतून आधीच भरून घ्या. जुन्या पिढीतल्या कित्येक बायका नवऱ्याचे नाव उच्चारत नाहीत; पहिल्याच प्रश्नाला संकोच झाला की पुढचे तीन प्रश्न त्या संकोचातच जातात. तसेच तुम्ही अविवाहित असाल तर बाळंतपण आणि शरीराच्या तक्रारी यांविषयी तुम्हाला हात राखूनच सांगितले जाईल. ते प्रश्न तुमच्या अभ्यासात असतील तर आशा सेविकेची मदत घ्या, पण तिच्याकडे सरकारी नोंदवहीही असते हे लक्षात असू द्या.

वेळेचे गणित किनाऱ्यावर वेगळे असते. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते; या दिवसांत खलाशी आणि तांडेल (होडीचे प्रमुख) जाळी विणत, दुरुस्त करत बसलेले असतात आणि पुरुषांशी निवांत बोलता येते. मात्र ज्या घरांत शेतीही आहे तिथल्या बायका त्याच दिवसांत लावणीत अडकलेल्या असतात. गणपतीत मुलाखती शक्यतो टाळा. चाकरमानी मुंबईहून आलेले असतात आणि घराच्या वतीने बोलण्याचे काम आपसूक त्यांच्याकडे जाते. ते उत्साहाने, व्यवस्थित मराठीत, गावाविषयी बोलतात, आणि वर्षभर गावात राहिलेली माणसे कौतुकाने ऐकत बसतात. चाकरमान्यांचे म्हणणे हवे असेल तर तो काळ उत्तम आहे.

वही मिटल्यावर जे बोलणे झाले ते वापरायचे की नाही, हा तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग आहे. ते चोरून वापरू नये. दुसऱ्या दिवशी जाऊन 'काल चहा घेताना तुम्ही अमुक म्हणालात, ते लिहू का?' असे विचारावे. बहुतेक जणी 'लिव' म्हणतात, काही जणी एखादे नाव गाळायला सांगतात, आणि पुष्कळदा याच भेटीत ती गोष्ट अधिक तपशिलाने पुन्हा सांगितली जाते. ध्वनिमुद्रण उतरवताना मालवणीतले बोलणे मालवणीतच उतरवा, शेजारी प्रमाण मराठीत अर्थ लिहा, आणि बाई ज्या ठिकाणी मालवणी सोडून पुस्तकी मराठीवर आली त्या प्रत्येक ठिकाणी समासात खूण करून, त्या क्षणी कोण आले, कोणता विषय निघाला किंवा तुम्ही काय विचारलेत ते लिहा. तुमच्या झालेल्या मुलाखतींवर हे काम आत्ताच करता येईल, आणि पुढच्या फेरीत कोणते प्रश्न कोणाला, कुठे बसून विचारायचे हे त्यावरून ठरवता येईल.